संदर्भ आणि संग्रह

संदर्भ हा विद्वत्तेचा अलंकार नव्हे; वाचकाला मूळ लेखापर्यंत नेणारी ती वाट होय. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या ‘जेस्टोर’सारख्या ऑनलाइन संग्रहांमुळे जुनी नियतकालिके घरबसल्या वाचता येतात, पण संग्रह हे कोठार आहे, लेखाचे जन्मस्थान नव्हे. म्हणूनच अमेरिकेतील मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या हस्तपुस्तिकेने २०१६ च्या आठव्या आवृत्तीत नियतकालिकाला प्रथम व संग्रहाला दुय्यम स्थान दिले. लेखक, शीर्षक, नियतकालिक, खंड, अंक, वर्ष, पृष्ठे आधी. संग्रहाचे नाव आणि ‘डीओआय’ हा स्थायी क्रमांक त्यानंतर. केवळ मजकूर देणाऱ्या संग्रहात चित्रे वा पृष्ठांक गळालेले असू शकतात. तेव्हा आपण कोणती प्रत पाहिली, हे सांगणे हा औपचारिकतेचा नव्हे, प्रामाणिकपणाचा प्रश्न ठरतो.