पिवळा रुमाल कधी पडतो? अमेरिकन फुटबॉलमधील पंच आणि नियमांचा अर्थ

अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात २० जानेवारी २०१९ रोजी नॅशनल फुटबॉल लीग अर्थात एनएफएल या व्यावसायिक स्पर्धेचा एक उपांत्य सामना रंगला होता. न्यू ऑर्लिन्स सेंट्स आणि लॉस एंजेलिस रॅम्स हे दोन्ही संघ २०-२० अशा बरोबरीत होते आणि खेळ संपण्यास दोन मिनिटांहूनही कमी अवधी उरला होता. सेंट्सच्या टॉमीली लुईस या खेळाडूकडे पास फेकण्यात आला. मात्र चेंडू त्याच्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच रॅम्सचा निकेल रोबी-कोलमन त्याच्यावर वेगाने आदळला. हजारो प्रेक्षक पंचांकडे पाहत होते. पंचांचा पिवळा रुमाल मात्र खिशातच राहिला.

त्या रुमालाचे मोल किती, हे पुढील काही मिनिटांत स्पष्ट झाले. सेंट्सला तीन गुणांवर समाधान मानावे लागले. रॅम्सने बरोबरी साधली आणि अतिरिक्त वेळेत २६-२३ असा विजय मिळवून अंतिम फेरी गाठली. आपल्याकडून नियमभंग झाल्याचे रोबी-कोलमनने सामन्यानंतर स्वतःच मान्य केले. हा नियमभंग पंचांनी जाहीर करायला हवा होता, अशी कबुली पुढे लीगच्या प्रमुखांनीही दिली. निकाल मात्र बदलला नाही.

चार वर्षांनी, १२ फेब्रुवारी २०२३ रोजी, नेमके उलटे घडले. अंतिम सामन्यात, म्हणजे सुपर बोलमध्ये, कॅन्सस सिटी चीफ्स आणि फिलाडेल्फिया ईगल्स ३५-३५ अशा बरोबरीत असताना शेवटच्या दोन मिनिटांत पंचांनी रुमाल टाकला. ईगल्सच्या जेम्स ब्रॅडबेरीने प्रतिस्पर्ध्याची जर्सी ओढली, असा तो निर्णय होता. त्या दंडामुळे चीफ्सला घड्याळातील जवळजवळ सर्व वेळ खर्च करता आला आणि अखेरच्या क्षणी गोल मारून त्यांनी ३८-३५ असा विजय मिळवला. जर्सी ओढल्याचे ब्रॅडबेरीनेही नाकारले नाही. तरीही एवढ्या निर्णायक क्षणी एवढी लहानशी ओढाताण दंडनीय मानावी काय, यावर अमेरिकेत दीर्घकाळ वाद झाला.

एकदा रुमाल पडला नाही म्हणून रोष, तर एकदा पडला म्हणून रोष. या दोन प्रसंगांच्या मधल्या जागेत अमेरिकन फुटबॉलच्या पंचांचे सारे काम सामावलेले आहे.

खेळाची थोडक्यात ओळख

आपल्याकडे फुटबॉल म्हणून जो खेळ ओळखला जातो, त्याच्याशी या खेळाचा संबंध नावापुरताच आहे. येथे लंबगोल चेंडू हातात घेऊन धावता येते आणि पुढे फेकताही येतो. दोन्ही बाजूंना ११-११ खेळाडू असतात. गोलरेषांमधील मैदान १०० यार्ड लांबीचे असते. आक्रमक संघाला १० यार्ड, म्हणजे सुमारे ९ मीटर, पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नाला ‘डाऊन’ म्हणतात. चार प्रयत्नांत एवढे अंतर कापले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. अन्यथा चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो.

हा खेळ जमिनीच्या तुकड्यासाठीच असल्याने नियमभंगाची शिक्षाही बहुधा अंतरातच मोजली जाते. खेळ सुरू होण्यापूर्वीच आक्रमक संघाचा खेळाडू हलला तर ५ यार्ड, आक्रमक खेळाडूने प्रतिस्पर्ध्याला पकडून ठेवले तर १० यार्ड, धोकादायक वर्तन केले तर १५ यार्ड असा दंड होतो. ज्या संघावर अन्याय झाला, त्याला हा दंड नाकारण्याचीही मुभा असते, कारण काही वेळा दंडापेक्षा मैदानावर प्रत्यक्ष घडलेला खेळच अधिक लाभाचा ठरतो.

सात पंच, सात दिशा

एनएफएलच्या सामन्यात मैदानावर सात पंच असतात. पांढरी टोपी घातलेला रेफ्री हा त्यांचा प्रमुख. इतर सहा जणांच्या टोप्या काळ्या असतात. रेफ्री आक्रमक संघाच्या मागे उभा राहून क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या प्रमुख खेळाडूवर नजर ठेवतो. दोन पंच चेंडूच्या रेषेच्या दोन टोकांना असतात, तर तिघे बचाव संघाच्या मागे, लांब अंतरावर उभे राहतात. अंपायर पूर्वी बचावपटूंच्या गर्दीत उभा राहत असे. त्याला होणाऱ्या दुखापती लक्षात घेऊन २०१० मध्ये त्याची जागा आक्रमक संघाच्या मागे नेण्यात आली.

सामान्य प्रेक्षक चेंडूकडे पाहतो. पंचाला मात्र सुरुवातीस चेंडूकडे न पाहण्याचे शिक्षण दिले जाते. चेंडू खेळात येताच प्रत्येक पंच आपल्याला नेमून दिलेल्या खेळाडूकडे पाहतो, नंतर आपल्या विभागाकडे आणि शेवटी चेंडूकडे. २२ खेळाडू एकाच क्षणी एकमेकांना भिडत असताना कोणा एकाला सर्व काही दिसणे शक्य नसते. म्हणूनच पाहण्याचे काम वाटून घेतलेले असते. या व्यवस्थेची दुसरी बाजू अशी की, एखाद्या पंचाची नजर क्षणभर चुकली, तर ती घटना नीट पाहिलेला दुसरा पंच असेलच याची खात्री नसते.

प्रत्येक स्पर्श हा गुन्हा नव्हे

नियमभंगांचे ढोबळमानाने तीन प्रकार करता येतील. पहिल्या प्रकारात पंचाच्या मताला वाव नसतो. खेळ सुरू होण्यापूर्वी हालचाल करणे किंवा रेषेपलीकडे उभे राहणे या गोष्टी घडल्या किंवा घडल्या नाहीत, एवढाच प्रश्न असतो.

दुसरा प्रकार खेळाडूंच्या सुरक्षेचा. शिरस्त्राणाची जाळी पकडून ओढणे, बचाव करू न शकणाऱ्या खेळाडूच्या डोक्यावर आघात करणे, चेंडू फेकून झालेल्या क्वार्टरबॅकला जमिनीवर आपटणे या बाबतीत पंचांनी कठोर राहावे अशी अपेक्षा असते. येथे लाभ कोणाला झाला हे पाहिले जात नाही; धोका किती होता हे पाहिले जाते. असे असले तरी वादाला येथेही जागा आहे. क्वार्टरबॅकवर सर्व वजनानिशी पडू नये, या नियमाची २०१८ च्या हंगामात काटेकोर अंमलबजावणी सुरू झाली. वेगाने धावत आलेल्या धिप्पाड खेळाडूने हवेत असताना आपले वजन टाळायचे तरी कसे, असा प्रश्न तेव्हा अनेक खेळाडूंनी विचारला होता.

तिसरा प्रकार सर्वांत अवघड. येथे नियमाचे शब्द पुरेसे नसतात. ‘होल्डिंग’ म्हणजे प्रतिस्पर्ध्याला पकडून ठेवणे. चेंडूच्या रेषेवर प्रत्येक खेळीत खेळाडू एकमेकांना हातांनी रोखत असतात. अशा प्रत्येक पकडीसाठी दंड दिला तर सामना पुढे सरकणारच नाही. म्हणून पंच पुढील प्रश्नांचा विचार करतो: पकडीमुळे प्रतिस्पर्ध्याची हालचाल खरोखर अडली काय? तो सुटण्याचा प्रयत्न करत होता काय? ही पकड चेंडूच्या मार्गाजवळ होती, की खेळाशी संबंध नसलेल्या दूरच्या कोपऱ्यात? हालचाल ठळकपणे रोखली गेली असेल तरच रुमाल पडतो.

म्हणजेच नियम पंचाला केवळ ‘काय घडले’ असे विचारत नाही. ‘त्यामुळे काय बिघडले’ हेही विचारतो. आणि पंचाने तर्काने निर्णय द्यायचा नसतो. कृतीचा आरंभ, मध्य आणि शेवट पाहूनच तो द्यायचा असतो. खेळाडू कोसळलेला दिसला, पण तो कशामुळे कोसळला हे दिसले नाही, तर रुमाल टाकणे चूक मानले जाते.

पासमधील अडथळा

या तिसऱ्या प्रकारातील सर्वांत महागडा नियमभंग म्हणजे पास झेलणाऱ्या खेळाडूला अडथळा आणणे. पास हवेत असताना चेंडू झेलण्याचा अधिकार दोन्ही संघांना सारखाच असतो. दोघेही चेंडूकडे पाहत असताना झालेली टक्कर नियमभंग ठरत नाही. परंतु चेंडूकडे न पाहता प्रतिस्पर्ध्याला रोखणे, त्याचा हात धरणे, पाठीमागून त्याच्यावर आदळणे किंवा त्याचे शरीर वळवणे यांस मनाई आहे. त्यातही झेल घेण्याची संधी लक्षणीयरीत्या हिरावली गेली पाहिजे. चेंडू मुळातच कोणाच्या आवाक्यात नसेल, तर अडथळ्याचा प्रश्न उद्भवत नाही.

बचाव संघाने असा अडथळा आणल्यास एनएफएलमध्ये चेंडू थेट अडथळ्याच्या जागी नेला जातो. एका निर्णयाने ४०-५० यार्डांचा फरक पडू शकतो. महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये मात्र या दंडाला १५ यार्डांची मर्यादा आहे. एकाच कृतीचे मोल दोन स्तरांवर इतके वेगळे असावे, यावरूनही या निर्णयाविषयीची अस्वस्थता लक्षात येते.

नियम बरोबर, न्याय कोठे?

काही वेळा पंच अचूक असतो आणि तरीही निकाल लोकांना पटत नाही. १९ जानेवारी २००२ रोजी फॉक्सबरो येथे बर्फवृष्टीत झालेल्या सामन्यात न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या टॉम ब्रेडीच्या हातून चेंडू निसटला आणि ओकलंड रेडर्सने तो ताब्यात घेतला. सामना तेथेच संपल्यात जमा होता. रेफ्री वॉल्ट कोलमन यांनी चित्रफीत पाहून तो निर्णय फिरवला. क्वार्टरबॅकने पास देण्याचा विचार सोडला असला, तरी पुढे गेलेला हात शरीराशी परत येईपर्यंत निसटलेला चेंडू हा अपूर्ण पासच समजावा, असा नियम १९९९ मध्ये करण्यात आला होता. पेट्रियट्सने तो सामना १६-१३ असा जिंकला आणि पुढे विजेतेपदही पटकावले. कोलमन यांनी नियमाची अक्षरशः अंमलबजावणी केली होती. पुढे २०१३ मध्ये लीगने तो नियमच रद्द केला.

झेल म्हणजे काय, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नानेही असाच छळ केला. ११ जानेवारी २०१५ रोजी ग्रीन बे येथे डॅलस काउबॉइजच्या डेझ ब्रायंटने उंच उडी घेऊन चेंडू पकडला. मात्र तो जमिनीवर पडताना चेंडू हलला. त्या वेळच्या नियमानुसार पडताना अखेरपर्यंत चेंडूवर ताबा राहणे आवश्यक असल्याने, मैदानावर मान्य झालेला झेल चित्रफितीनंतर रद्द झाला. पाहणाऱ्याला जो झेल दिसत होता, तो नियमाला दिसत नव्हता. अखेर २०१८ मध्ये व्याख्या सुटसुटीत करण्यात आली: चेंडूवर ताबा, मैदानात दोन पाय किंवा शरीराचा अन्य भाग टेकणे आणि त्यानंतर खेळाला साजेशी एखादी हालचाल करणे, किंवा ती करण्याइतका वेळ ताबा असणे.

कॅमेऱ्याची मर्यादा

मग सारे निर्णय कॅमेऱ्यावर का सोपवू नयेत? एनएफएलमध्ये १९८६ ते १९९१ या काळात चित्रफितीचा वापर झाला, तो बंद पडला आणि १९९९ पासून पुन्हा सुरू झाला. २०१७ पासून फेरतपासणीचा अंतिम निर्णय न्यूयॉर्क येथील लीगच्या केंद्रातून दिला जातो. मैदानावरील निर्णय बदलायचा तर चूक स्पष्ट आणि उघड दिसली पाहिजे. संशय असेल तर मूळ निर्णय कायम राहतो. क्रिकेटमधील ‘अंपायर्स कॉल’ ज्यांना परिचित आहे, त्यांना या तत्त्वाची ओळख पटेल.

चेंडू रेषेपलीकडे गेला काय, पाय मैदानाबाहेर पडला काय, अशा प्रश्नांना कॅमेरा उत्तम उत्तर देतो. धक्का ‘लक्षणीय’ होता काय, हे मात्र तो सांगू शकत नाही. न्यू ऑर्लिन्समधील प्रकारानंतर लीगने मार्च २०१९ मध्ये ३१ विरुद्ध १ अशा मतांनी पासमधील अडथळ्याचा निर्णयही फेरतपासणीच्या कक्षेत आणला. पंचांनी न दिलेला दंडही आता मागता येणार होता. प्रत्यक्षात प्रशिक्षकांची बहुतांश आव्हाने फेटाळली गेली. हीच घटना मंदगतीने पाहिल्यावर एकाला अपराध दिसे, तर दुसऱ्याला सामान्य झटापट. एकाच हंगामानंतर हा प्रयोग सोडून देण्यात आला.

मोजमापाच्या कामात मात्र यंत्राचा शिरकाव वाढतो आहे. १० यार्डांचे अंतर पूर्ण झाले की नाही, हे साखळी आणून मोजण्याऐवजी २०२५ च्या हंगामापासून कॅमेऱ्यांच्या साहाय्याने मोजण्यास प्रारंभ झाला. परंतु खेळाडू पडला तेव्हा चेंडू नेमका कोठे होता, हे आजही पंचच ठरवतो. म्हणजे यंत्र अचूक मोजते. पण मोजण्याचा बिंदू माणूसच देतो.

माणसाचे काम

एनएफएलमधील बहुतेक पंच हे अन्य नोकरी वा व्यवसाय सांभाळून हे काम करतात. प्रत्येक सामन्यातील त्यांच्या निर्णयांची लीगकडून छाननी होते आणि चांगली कामगिरी करणाऱ्यांनाच बाद फेरीचे सामने दिले जातात. सारा थॉमस या २०१५ मध्ये लीगच्या पहिल्या पूर्णवेळ महिला पंच झाल्या आणि २०२१ मध्ये त्यांनी सुपर बोलमध्येही काम केले.

त्यांच्या अनुभवाचे मोल एकदा सर्वांना कळले होते. २०१२ मध्ये करारावरून वाद झाल्याने लीगने नियमित पंचांना बाहेर ठेवून पर्यायी पंच नेमले. २४ सप्टेंबर रोजी सिएटल येथे शेवटच्या पासवर दोन खेळाडूंनी एकाच वेळी चेंडू धरल्याचे त्यांनी ठरवले आणि सिएटल सीहॉक्सला १४-१२ असा विजय मिळाला. चेंडू ग्रीन बेच्या खेळाडूने आधी धरला होता, असे असंख्य प्रेक्षकांचे मत होते. शेवटच्या खेळीत दोन पंच परस्परविरोधी खुणा करत असल्याचे दृश्य देशभर पाहिले गेले. दोनच दिवसांत समझोता झाला आणि एरवी शिव्याशाप खाणाऱ्या जुन्या पंचांचे पुढच्या सामन्यात प्रेक्षकांनी टाळ्यांच्या कडकडाटात स्वागत केले.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेटसोबतच या खेळाचा सौम्य प्रकार असलेला फ्लॅग फुटबॉलही खेळला जाणार आहे. तेथे अंगावर धडका मारण्याची परवानगी नसेल. अडथळा कोणता आणि सहज झालेला स्पर्श कोणता, हे क्षणार्धात ठरवण्याची जबाबदारी मात्र तेथेही पंचांवरच असेल.