सहीपुरता न्याय

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील वॉरेन काउंटी गरीब, बहुसंख्य कृष्णवर्णीयांची. पीसीबी या विषारी रसायनाने दूषित झालेली माती पुरायला १९८२ साली राज्य सरकारला नेमकी तीच जागा सापडली! मालमोटारींपुढे माणसे आडवी झाली, पाचशेंहून अधिकांना अटक झाली. माती पुरली गेलीच. ती निर्विष व्हायला २००३ उजाडले.

दरम्यान, १९९४ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी आदेश काढला : अल्पसंख्य व गरीब वस्त्यांवर पडणारा प्रदूषणाचा विषम भार केंद्रीय खात्यांनी हुडकावा, निवारावा. हेतू स्तुत्यच. परंतु या आदेशाच्या आधारे कोणासही न्यायालयात दाद मागता येणार नाही, ही तरतूदही त्यातच होती. अमेरिकी काँग्रेसने त्यास कायद्याचे रूप कधीच दिले नाही. जानेवारी २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी तो रद्द केला. त्यासाठी त्यांनाही एक सहीच पुरली.