जुन्या स्पोर्ट्‌स कारची राखण

ब्रिटनमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून १९६२ साली बाहेर पडलेली एमजीबी ही सामान्य पगारदारालाही परवडेल अशी दोन आसनी, उघडी स्पोर्ट्‌स कार होती. १९८० मध्ये उत्पादन थांबेपर्यंत सर्व प्रकार धरून एमजीबीच्या पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. जगभरच्या हौशी मालकांनी त्यातल्या हजारो गाड्या आजही चालत्या ठेवल्या आहेत. अशी एक गाडी उभी करण्यामागे कित्येक वर्षांचे कष्ट असतात. भाग शोधायचे, पत्रा सोलून नवा रंग चढवायचा, इंजिन खोलून पुन्हा बसवायचे. ती चोरीला गेली तर विम्याचे पैसे हाती येतात, पण तीच गाडी परत मिळत नाही. म्हणून जुन्या स्पोर्ट्‌स कारची राखण हा तिच्या देखभालीचाच भाग मानला पाहिजे.

ही गाडी चोराला सोपी का जाते, याचे उत्तर तिच्या वायरिंगमध्ये आहे. एमजीबीसारख्या गाडीत बॅटरीचा प्रवाह इग्निशनच्या किल्लीतून कॉइलकडे जातो. कॉइल त्याचा दाब वाढवते आणि डिस्ट्रिब्युटर तो पाळीपाळीने चार प्लगना देतो. किल्लीचे काम फक्त दोन तारा जोडण्याचे असते. बॉनेट उघडून बॅटरीची तार थेट कॉइलला जोडली आणि स्टार्टरच्या सोलेनॉइडची दोन टोके एकमेकांना टेकवली, की किल्लीशिवाय इंजिन सुरू होते. सुरुवातीच्या गाड्यांना स्टिअरिंग लॉक नव्हता. त्या काळच्या अनेक ब्रिटिश गाड्यांच्या कुलपावर किल्लीचा क्रमांक चक्क कोरलेला असे, त्यामुळे क्रमांक वाचून जुळी किल्ली मिळवता येई. वर कापडी हूड असल्याने आत शिरायला एक धारदार पाते पुरते. इंजिन रोखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा म्हणजे इमोबिलायझर. ब्रिटनमध्ये नव्या मोटारींना तो बंधनकारक झाला ऑक्टोबर १९९८ पासून, म्हणजे शेवटची एमजीबी बाहेर पडल्यानंतर अठरा वर्षांनी.

चोरीचे दोन प्रकार

जुन्या गाड्या दोन प्रकारे जातात. एक म्हणजे सुरू करून पळवणे. दुसरा आणि जास्त धोक्याचा प्रकार म्हणजे उचलून नेणे. एमजीबीचे वजन जेमतेम एक टन. ट्रेलर आणि विंच असेल तर दोन माणसे ती काही मिनिटांत चढवू शकतात. अशा वेळी इंजिन सुरू होते की नाही याला काही अर्थ उरत नाही.

ठरवून आलेला चोर किती तयारीने येतो हे अमेरिकेतल्या दोन घटनांवरून कळते. १९९७ मध्ये फ्लोरिडातल्या बोका रॅटन विमानतळावरच्या हँगरमधून ‘गोल्डफिंगर’ या बाँडपटासाठी वापरलेली ॲस्टन मार्टिन डीबी५ रात्रीतून नाहीशी झाली. २००१ मध्ये मिलवॉकीतल्या एका इमारतीतून १९३८ ची टॅल्बो-लागो ही फ्रेंच गाडी चोरीला गेली. दुरुस्तीसाठी ती खोलून ठेवलेली होती. चोरांनी फोनच्या तारा कापल्या, गाडीचे सुटे भाग उचलले आणि तिची कागदपत्रेही सोबत नेली. पुढे ती युरोपमार्गे विकली गेली. नव्या मालकाने इलिनॉयमध्ये नोंदणीचा प्रयत्न केला, तेव्हा चोरीच्या नोंदींत तिचा क्रमांक सापडला. मालकीचा दावा २०२० मध्ये विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

कोणतेही एक साधन अशा चोराला कायमचे अडवू शकत नाही. मात्र चोराजवळ वेळ नसतो, आणि सगळी राखण याच एका गोष्टीवर उभी असते. प्रत्येक अडथळ्याने त्याची काही मिनिटे खाल्ली पाहिजेत, आवाज करायला भाग पाडले पाहिजे, वेगळे हत्यार आणायला लावले पाहिजे. हे अडथळे एकाच प्रकारचे असतील तर एकाच हत्याराने सगळे निघतात, म्हणून ते वेगवेगळ्या प्रकारचे हवेत.

जागा आणि दार

पहिला अडथळा म्हणजे गाडी उभी असते ती जागा. ब्रिटनमधल्या घरांच्या गॅरेजला बहुधा वर उचलून आत सरकवायचे पत्र्याचे एकच दार असते आणि त्याचे कुलूप मधल्या मुठीत असते. दाराच्या खालच्या कोपऱ्यांत आतून दोन कड्या बसवल्या, तर नुसती मूठ फिरवून दार उघडत नाही. दारापुढे जमिनीत गाडलेला लोखंडी खांब किंवा रोजच्या वापरातली दुसरी गाडी आडवी असेल तर ट्रेलर आत येऊच शकत नाही. आतल्या काँक्रीटमध्ये बसवलेल्या नांगराला जाड साखळीने चासी किंवा मागचा ॲक्सल जखडणे हा उचलून नेण्यावरचा खरा उपाय आहे. साखळी जमिनीवर लोळती ठेवू नये. जमिनीचा आधार मिळाला की कटरवर अंगाचा पूर्ण भार टाकता येतो.

गाडी तोंड आत करून, चाके वळवून आणि गिअरमध्ये टाकून ठेवल्यास ती ओढणे अवघड होते. दीर्घकाळ उभ्या गाडीचा हँडब्रेक मात्र ओढून ठेवू नये. दमट हवेत मागचे ब्रेक शू ड्रमला चिकटतात. त्याऐवजी चाकांना अडण्या लावाव्यात.

लोखंडी अडथळे

स्टिअरिंगला आडवी लावायची दांडी सगळ्यांना माहीत असते. जुन्या स्पोर्ट्‌स कारमध्ये तिची अडचण अशी, की स्टिअरिंगचे कडे बारीक असते. चोर दांडीला हातही लावत नाही. करवतीने कडे कापतो आणि दांडी निघून येते. संपूर्ण स्टिअरिंग झाकणारे आणि मोकळे फिरणारे पोलादी ताट जास्त उपयोगी पडते, कारण कापायला कडेच उघडे राहत नाही. ब्रिटनमध्ये अशा साधनांची पारख ‘सोल्ड सिक्युअर’ ही संस्था करते आणि ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, डायमंड अशा श्रेणी देते.

चाकाचा क्लॅम्प निवडताना एमजीबीच्या मालकाला विशेष काळजी घ्यावी लागते. अनेक एमजीबींना तारांच्या आऱ्यांची चाके असतात आणि प्रत्येक चाक मधल्या एकाच मोठ्या नटवर बसते. तांब्याच्या हातोडीचे काही ठोके मारले की हा नट सैल होतो आणि चाक क्लॅम्पसकट बाहेर येते. चोराला मग दुसरे चाक लावणे एवढेच काम उरते. म्हणून क्लॅम्प मधला नट पूर्ण झाकणाराच हवा.

रस्त्यावर गाडी उभी करताना कापडी हूडच्या कित्येक गाड्यांचे मालक दार मुद्दाम उघडे ठेवतात आणि आत एकही वस्तू ठेवत नाहीत. उघड्या दारामुळे हूड फाटण्यापासून वाचते. गाडी अडवण्याचे काम स्टिअरिंगवरच्या कुलपाने आणि छुप्या स्विचने करायचे असते.

विजेचे आणि पेट्रोलचे अडथळे

सर्वांत जुना उपाय रोटर आर्मचा. डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाखाली बसणारा हा बोटभर तुकडा काढून खिशात टाकला की प्लगना वीज मिळत नाही. १९४० मध्ये जर्मन सैन्य उतरण्याची भीती होती, तेव्हा ब्रिटनमध्ये उभी गाडी निकामी करून ठेवणे हा कायदाच होता आणि त्यासाठी रोटर आर्म काढण्याची पद्धत रूढ झाली. आज तो थोड्या पैशांत मिळतो आणि जाणता चोर तो सोबत आणू शकतो. तरी गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर हा बिनखर्चाचा अडथळा जरूर वापरावा.

बॅटरी तोडणारा लाल चावीचा स्विच बाजारात सर्रास मिळतो, पण त्याच्या चाव्या एकसारख्या असतात. तो मुख्यतः आगीपासून बचावासाठी चांगला. चोरीपासून बचाव करायचा तर लपवलेला स्विच हवा. तो तीन ठिकाणी बसवता येतो.

पहिली जागा म्हणजे किल्ली आणि कॉइल यांच्यामधली तार. हा स्विच बंद असला की कॉइलला प्रवाह मिळत नाही. पण चोराने बॅटरीची तार थेट कॉइलला जोडली तर तो निरुपयोगी ठरतो. शिवाय स्विच खराब झाला तर भर रस्त्यात इंजिन बंद पडते. दुसरी जागा कॉइल आणि डिस्ट्रिब्युटर यांच्यामध्ये. तिथली तार छुप्या स्विचने चासीला जोडली की डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट उघडूनही ठिणगी पडत नाही. थेट तार जोडणाऱ्या चोरालाही इथे दाद मिळत नाही आणि हा स्विच बिघडून उघडा राहिला तरी चालती गाडी थांबत नाही. तिसरी जागा पेट्रोल पंपाची. एमजीबीचा पंप विजेवर चालतो आणि गाडीच्या मागच्या भागात असतो. त्याची तार तोडणारा स्विच बंद असला तरी कार्ब्युरेटरच्या वाट्यांत उरलेल्या पेट्रोलवर इंजिन सुरू होते आणि थोड्या अंतरावर बंद पडते. चोराला बिघाडाचे कारण कळत नाही, पण गाडी रहदारीत अडकून अपघात होण्याचा धोका असतो. हे तोलूनच निवड करावी.

कोणताही स्विच बसवण्याआधी मूळ वायरिंग तपासणे आवश्यक आहे. सुरुवातीच्या एमजीबीत अख्ख्या गाडीला अवघे दोन फ्यूज होते आणि इग्निशनच्या तारेला फ्यूजच नव्हता. कच्चा जोड असला तर राखणीसाठी केलेल्या कामातूनच आग लागू शकते. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचे धन टोक चासीला जोडलेले होते, तर आजची बहुतेक उपकरणे ऋण टोक चासीला असेल असे धरून बनवलेली असतात. हे न पाहता अलार्म किंवा ट्रॅकर जोडला तर तो जळू शकतो. ही कामे जुन्या गाड्यांचा अनुभव असलेल्या वायरमनकडूनच करून घ्यावीत.

गाडी गेल्यावर माग

गाडी गेलीच तर ट्रॅकर कामाला येतो. उपग्रहावरून ठिकाण ओळखून मोबाइल नेटवर्कने कळवणारा ट्रॅकर उघड्यावर उत्तम चालतो. पोलादी कंटेनरमध्ये किंवा तळघरात त्याचा संपर्क तुटू शकतो. रेडिओ लहरींवर चालणारा ट्रॅकर अशा जागीही बऱ्याचदा सापडतो. अमेरिकेत लोजॅकने ही पद्धत १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू केली. २०२१ मध्ये आलेल्या एअरटॅगसारखी छोटी उपकरणे स्वस्त आहेत, पण ती जवळपासच्या फोनवर विसंबून असतात आणि आपल्यासोबत अनोळखी टॅग फिरत असल्याचा इशारा चोराच्या फोनवरही येऊ शकतो. आठवडेच्या आठवडे उभ्या राहणाऱ्या गाडीत ट्रॅकर बॅटरी उतरवतो. म्हणून गॅरेजमध्ये मंद चार्जर जोडून ठेवावा.

ओळख

गाडी सापडली तरी ती आपलीच आहे हे सिद्ध करावे लागते. १९७० मध्ये फिलाडेल्फियातून १९६७ ची ऑस्टिन-हिली ३००० चोरीला गेली. मालकाने मूळ किल्ल्या आणि मालकीचा दाखला जपून ठेवला होता. २०१२ मध्ये, बेचाळीस वर्षांनी, त्याला ती गाडी ईबेवर विक्रीला दिसली आणि चासी क्रमांक जुळवून त्याने ती लॉस एंजेलिसहून परत मिळवली. त्यासाठी मात्र त्याला बरेच झगडावे लागले, कारण पोलिसांच्या नोंदीत क्रमांक चुकीचा चढला होता. तक्रारीतला प्रत्येक अंक स्वतः वाचून तपासण्याची सवय यावरून घेण्यासारखी आहे.

जुन्या गाडीची ओळख पुसणे सोपे असते. एमजीबीची क्रमांकाची पट्टी बॉनेटखाली रिव्हेट किंवा स्क्रूने बसवलेली असते. ती काढून भंगारातल्या गाडीची पट्टी लावली की चोरीच्या गाडीला नवे नाव मिळते. म्हणून चासी, इंजिन आणि बॉडीचे क्रमांक, जुने वेल्डिंग, दुरुस्तीच्या खुणा, सीटखालचा रंग यांचे जवळून फोटो काढावेत. काचांवर क्रमांक कोरावा आणि अतिनील प्रकाशातच दिसणाऱ्या शाईने लपल्या जागी खुणा कराव्यात. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये एमजीबीच्या उत्पादनाच्या नोंदी आहेत आणि तिथून गाडीची तारीख, रंग, मूळ इंजिन क्रमांक यांचा दाखला मिळतो. या सगळ्याची प्रत गाडीपासून दूर ठेवावी. मिलवॉकीत कागदही गाडीसोबतच गेले होते.

महाराष्ट्रातल्या मालकांसाठी ओळखीचा भाग आता कायद्याशीही जोडला गेला आहे. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या खासगी गाड्यांना राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ असलेला क्रमांक मिळतो. पहिल्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून नोंदणी दहा वर्षे चालते. अशी गाडी प्रदर्शन, रॅली अशा ठरावीक कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते, त्यामुळे ती बराच काळ उभी असते आणि राखणीची गरज वाढते. आरटीओच्या कामासाठी चासी क्रमांकाचा पेन्सिलीने ठसा घेतला जातो, तेव्हा एक जादा ठसा स्वतःच्या फायलीतही ठेवावा.

विमा आणि व्यवहार

साध्या विम्यात गाडीची किंमत वयानुसार घसरते, तर जुन्या स्पोर्ट्‌स कारची किंमत अनेकदा वाढते. ब्रिटनमध्ये यासाठी आधीच ठरवलेल्या किमतीचा विमा मिळतो. भारतातही पाच वर्षांहून जुन्या गाडीचे विमामूल्य कंपनी आणि मालक आपसांत ठरवतात. मूल्यांकनाचा अहवाल, फोटो आणि दुरुस्तीची बिले दर दोन-तीन वर्षांनी नवी करावीत. गॅरेज किंवा ट्रॅकरची अट पॉलिसीत असेल तर ती काटेकोरपणे पाळावी, नाहीतर दावा अडकतो.

विक्रीच्या वेळी जाहिरातीतल्या फोटोंत घर, गॅरेज आणि नंबर प्लेट दिसू देऊ नये. ट्रायलसाठी गाडी द्यायची तर आधी ओळखपत्र पाहावे, मालकाने शेजारी बसावे आणि जागा बदलताना किल्ली स्वतःकडे घ्यावी. खरेदीदारानेही कागदावरचे क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी आणि चोरीच्या नोंदींशी ताडून पाहावेत. चोरीची गाडी नकळत घेतली तरी तिच्यावरचा हक्क टिकेलच असे नाही.

चोरी झालीच तर पहिले काही तास सर्वांत मोलाचे असतात. पोलिसांत अचूक क्रमांकांसह तक्रार, ट्रॅकर कंपनी आणि विमा कंपनीला फोन, मग त्या गाडीच्या क्लबांना आणि सुट्या भागांच्या विक्रेत्यांना फोटो, या क्रमाने काम करावे. एकेका मॉडेलची बारकाईने माहिती असणारी माणसे थोडी असतात आणि ती एकमेकांना ओळखतात. गाडी किंवा तिचे भाग पुन्हा बाजारात आले, तर ते पहिल्यांदा याच माणसांच्या नजरेला पडण्याची शक्यता जास्त असते.