दिवाणखान्यातील भुलभुलैया

१९८२ सालच्या मार्च महिन्यात अमेरिकेतील दुकानांतून काळ्या प्लास्टिकची एक लहानशी कार्ट्रिज विक्रीस आली. नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रांमुळे सर्वतोमुखी झालेला ‘पॅक-मॅन’ हा खेळ आता घरच्या दूरचित्रवाणी संचावर खेळता येणार होता. ज्या मुलांनी मोठ्या उत्कंठेने ती कार्ट्रिज यंत्रात खोचली त्यांच्यापैकी पुष्कळांचा पहिल्या दहा मिनिटांतच हिरमोड झाला. रंग निराळे, वाटा निराळ्या, आवाज निराळा. आणि पाठलाग करणारी भुते तर धड दिसतही नव्हती, सारखी लुकलुकत होती. आज ती मुले पन्नाशीच्या पलीकडे गेली आहेत. लहानपणच्या खेळांविषयी ती बोलू लागली म्हणजे मात्र त्यांच्या बोलण्यात हटकून येते ते हेच लुकलुकणे आणि तोच निराळा आवाज. ज्या दोषाने एके काळी मन खट्टू झाले, त्याचीच पुढे ओढ लागावी, हे वरवर पाहता विचित्र वाटते. त्याचा उलगडा करावयाचा तर मूळ खेळ आणि घरचे यंत्र ही दोन्ही जरा जवळून पाहिली पाहिजेत.

मूळ खेळ जपानमधील नामको या कंपनीने १९८० साली बाजारात आणला. त्याची कल्पना तोरू इवातानी या तरुण कर्मचाऱ्याची. त्या काळी खेळगृहांत गोळीबार आणि अंतराळयुद्ध यांचेच राज्य होते. मुली आणि जोडपीही जेथे पाऊल टाकतील असे काही हवे, या विचाराने इवातानी यांनी खाण्याचा विषय निवडला. जपानी भाषेत तोंडाची उघडझाप करीत खाण्याला ‘पाकु-पाकु’ असा अनुकरणवाचक शब्द आहे. आपण ‘मटामटा’ म्हणतो तशातलाच. त्यावरून खेळाचे मूळ नाव ‘पक-मॅन’ असे पडले. अमेरिकेत कोणी खोडसाळपणे पहिले अक्षर खरवडून त्याचे अश्लील रूप करील, या धास्तीने तेथे ते बदलून ‘पॅक-मॅन’ करण्यात आले.

खेळ दिसावयास अगदी साधा आहे. काळ्या पडद्यावर निळ्या रेषांनी आखलेली एक भुलभुलैया असते. तिच्या वाटांवर २४० दाणे पसरलेले असतात आणि चार कोपऱ्यांजवळ चार मोठ्या शक्तिगुट्या असतात. पिवळ्या रंगाचे एक वाटोळे तोंड ते दाणे टिपत हिंडते आणि चार भुते त्याच्या मागे लागतात. गुटी खाल्ली की थोडा वेळ पारडे फिरते. भुते निळी पडून पळू लागतात आणि खाणाऱ्यालाच त्यांना खाता येते. आट्यापाट्या खेळलेल्या वाचकाला या खेळाचे मर्म चटकन कळेल. तेथे पाटी धरणारा गडी आपली पाटी सोडून जाऊ शकत नाही, आणि त्याची ही मर्यादा ओळखूनच चढाई करणारा त्याला हुलकावणी देतो. येथेही प्रत्येक भुताला स्वतःची मर्यादा, किंबहुना स्वतःचा स्वभाव आहे. तांबडे भूत नेमके खेळाडूच्या पाठीवर येते. गुलाबी भूत त्याच्या पुढील चार घरांवर नेम धरून त्याची वाट अडवू पाहते. निळसर भुताचा नेम तांबड्या भुताच्या जागेवर अवलंबून असल्यामुळे त्याचा अंदाज बांधणे सर्वांत कठीण. नारिंगी भूत दुरून चाल करून येते आणि जवळ पोचताच आपल्या कोपऱ्याकडे वळते. शिवाय मधूनमधून चौघेही पाठलाग सोडून आपापल्या कोपऱ्याकडे निघतात, त्यामुळे खेळणाऱ्याला श्वास घ्यावयास सवड मिळते. खेळाडूने तंतोतंत त्याच चाली केल्या तर भुतेही तंतोतंत तशीच वागतात. म्हणूनच खेळाडूंनी संबंध वाटा तोंडपाठ केल्या. त्यांचे नकाशे छापलेली पुस्तके निघाली आणि ती खपलीही.

हे सारे ज्या यंत्रात चाले ते यंत्र या एकाच खेळासाठी बांधलेले होते. पडद्याची नळीसुद्धा त्यात उभी बसविलेली होती, कारण भुलभुलैया रुंदीपेक्षा उंचीला अधिक होती. घरच्या यंत्राची गोष्ट अगदी वेगळी.

अटारी कंपनीचे घरगुती खेळयंत्र १९७७ साली विक्रीस आले. पुढे ते ‘अटारी २६००’ या नावाने ओळखले जाऊ लागले. ते स्वस्त पडावे म्हणून त्यात काटकसर किती केली होती, हे आज वाचताना खरे वाटत नाही. खेळ चालू असताना लक्षात ठेवावयाच्या गोष्टींसाठी त्यात अवघ्या १२८ बाइटांची स्मृती होती. इंग्रजीतील एक अक्षर एका बाइटमध्ये मावते असे धरले, तर तेवढ्या स्मृतीत छापील मजकुराच्या दोन-तीन ओळी राहतील. पडद्यावर आडवे १६० बिंदू आणि उभ्या १९२ रेषा धरल्या, तर नुसते काळेपांढरे चित्र साठविण्यासही ३,८४० बाइट लागतात, म्हणजे होती त्याच्या तीसपट. तेव्हा चित्र साठवून ठेवण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. मग ते दिसे कसे?

जुन्या दूरचित्रवाणी संचाच्या नळीत इलेक्ट्रॉनांचा एक झोत डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली असा सतत फिरत असे आणि अमेरिकन पद्धतीत तो सेकंदाला साठ वेळा संपूर्ण पडदा रंगवून काढी. अटारीच्या यंत्रात आज्ञावली लिहिणाऱ्याला या झोताबरोबर अक्षरशः धावावे लागे. झोत एक रेषा ओलांडून जाईपर्यंत यंत्राच्या प्रक्रियकाचे फक्त ७६ ठोके पडत, आणि लहानात लहान आज्ञेलाही दोन ठोके लागत. तेवढ्यात त्या रेषेवर भिंत कोठे, वाट कोठे, भूत कोठे हे सांगून मोकळे व्हावयाचे. लगेच पुढची रेषा. उशीर झाला तर झोत थांबत नाही. पंगतीत वाढप्याने पहिल्या पानावर भात वाढावा आणि त्याच वेळी स्वयंपाकघरात तिसऱ्या पानाचा भात शिजत असावा, असा हा प्रकार होता. पहिल्या काही वर्षांतील कार्ट्रिजमध्ये संपूर्ण खेळाची आज्ञावली फार तर ४,०९६ बाइटांत बसवावी लागे, हे वेगळेच.

याहूनही मोठी अडचण दुसरीच होती. यंत्राची रचना करताना अभियंत्यांच्या डोळ्यांपुढे दोन खेळ होते, एक चेंडूफळीचा आणि दुसरा रणगाड्यांच्या लढाईचा. म्हणून यंत्राला पाचच हलत्या वस्तू ठाऊक होत्या: दोन खेळाडू, त्या दोघांचे दोन गोळे आणि एक चेंडू. यांपैकी आकार देण्याजोग्या फक्त पहिल्या दोन. भिंतींसाठी पडद्याची रुंदी चाळीस जाडसर ठोकळ्यांत विभागलेली होती, आणि त्यांपैकी डावीकडचे वीसच स्वतंत्रपणे नोंदवता येत. उजवी बाजू बहुधा डावीची पुनरावृत्ती किंवा तिचे प्रतिबिंब असे. पॅक-मॅनला हव्यात पाच सजीव आकृती आणि बारीक, वळणदार वाटा.

हे काम टॉड फ्राय या तरुण प्रोग्रॅमरकडे आले. त्याने काय केले ते पाहिले म्हणजे लुकलुकण्याचे मूळ हाती लागते. दोन आकृतींपैकी एक त्याने खाणाऱ्या तोंडाला दिली आणि उरलेली एक चार भुतांमध्ये पाळीपाळीने वाटली. पडदा एकदा रंगताना पहिले भूत, पुढच्या वेळी दुसरे, मग तिसरे, मग चौथे. साहजिकच प्रत्येक भूत सेकंदाला साठऐवजी पंधरा वेळाच उजळे. वाटोळ्या दाण्यांच्या जागी आडव्या पट्ट्या आल्या, कारण ठोकळ्याहून बारीक काही भिंतीच्या यंत्रणेतून काढता येत नव्हते. माहितीपुस्तिकेत त्यांना ‘व्हिडिओ वेफर’ असे साळसूद नाव देण्यात आले आणि फळांचे झाले ‘व्हिटॅमिन’! २४० दाण्यांच्या जागी पट्ट्या १२६ राहिल्या. संच आडवा असल्यामुळे भुलभुलैयाही आडवी झाली आणि मूळ खेळात डावी-उजवीकडे असलेली बोगद्याची तोंडे वर व खाली गेली. खाणारे तोंड वर किंवा खाली जातानाही डावीकडे नाही तर उजवीकडेच पाही. दोघांना आळीपाळीने खेळता यावे म्हणून प्रत्येकाच्या कोणत्या पट्ट्या खाऊन झाल्या याची नोंद वेगळी ठेवावी लागे. १२६ पट्ट्यांच्या दोन नोंदी म्हणजे सुमारे ३२ बाइट, एकूण स्मृतीचा चौथा हिस्सा. शेजारच्या मुलाबरोबर खेळता यावे याची ही किंमत होती, आणि माझ्या मते ती योग्यच होती.

कार्ट्रिज सत्तर लाखांवर खपली. त्या यंत्रासाठी निघालेल्या दुसऱ्या कोणत्याही खेळाचा एवढा खप झाला नाही. परंतु उत्पादन त्याहूनही पुष्कळ अधिक झाले होते, आणि फसगत झाल्याची भावना ग्राहकांच्या मनात राहिली. १९८३ साली अमेरिकेतील घरगुती खेळांचा बाजार कोसळला. त्याला कारणे अनेक होती आणि या एकाच कार्ट्रिजवर सारा दोष टाकणे हे सोयीचे असले तरी न्याय्य नाही.

त्याच सुमारास नेमकी उलट बाजू दाखविणारे एक प्रकरण न्यायालयात गाजले. मॅग्नाव्हॉक्स कंपनीच्या ‘ओडिसी २’ या घरगुती यंत्रासाठी १९८१ साली ‘के. सी. मंचकिन’ नावाचा खेळ निघाला. त्यात दाणे होते बाराच, पण ते स्वतःच हिंडत. आणि खेळणाऱ्याला स्वतःची भुलभुलैया आखताही येई. अटारीने दावा लावला. मार्च १९८२ मध्ये अपील न्यायालयाने मंचकिनच्या विक्रीस मनाई केली. निकालामागील विचार लक्षात ठेवण्याजोगा आहे: भुलभुलैया, दाणे, बोगदे यांवर कोणाचीही मालकी सांगता येत नाही, परंतु ते खादाड तोंड आणि ती भुते ही मात्र मूळ निर्मात्याची अभिव्यक्ती होय. घरात खेळावयास अधिक सुबक असलेला खेळ अशा रीतीने दुकानांतून गेला, आणि लुकलुकणारा राहिला.

यंत्राकडून याहून बरे काम करून घेता आले असते काय? आले असते. १९८३ साली त्याच यंत्रावर ‘मिस पॅक-मॅन’ आली. तिला दुप्पट मोठी कार्ट्रिज मिळाली होती आणि तिच्या रचनाकारांनी भुते लुकलुकविण्याचे काम अडचणीच्या क्षणांपुरतेच, म्हणजे ती एकाच पातळीवर आली तरच ठेवले. पुढे हौशी मंडळींनी मूळ ४,०९६ बाइटांच्या मर्यादेतही कितीतरी अधिक सरस पॅक-मॅन लिहून दाखविला. पण त्यांच्यामागे दशकांचा अनुभव होता. फ्रायच्या मागे तारीख होती.

नॉस्टॅल्जिया हा शब्द १६८८ साली योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझेल येथे घडविला, तो घरापासून दूर गेलेल्या स्विस माणसांना जडणाऱ्या एका दुखण्यासाठी. मराठीत आपण त्याला ‘स्मरणरंजन’ म्हणतो. हा प्रतिशब्द सुबक आहे खरा, पण त्यात दुखणे राहिलेले नाही. ‘हुरहुर’ त्या मानाने अधिक जवळचा. येथे हुरहुर कशाची आहे ते पाहावे. खेळगृहातील यंत्रापुढे मूल उभे राही ते खिशातील पंचवीस सेंटचे नाणे संपेपर्यंत, आणि पाठीमागे मोठ्या मुलांची रांग असे. घरच्या सतरंजीवर बसून तोच खेळ, सदोष का असेना, त्याने शेकडो वेळा खेळला. भूत दिसेनासे झालेल्या क्षणी ते कोठे असेल हे डोळ्यांनी हेरावयास ते मूल शिकले. लुकलुकणे हा त्याच्या लेखी खेळाचा नियमच झाला होता. मूळ खेळ उत्तम होता हे ते आजही कबूल करील, परंतु बोटांत मुरलेला आहे तो घरचा.

म्हणून या खेळांच्या जतनाचा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ साली आपल्या संग्रहासाठी पहिले व्हिडिओ खेळ निवडले, त्यांत पॅक-मॅन होता, पण अर्थातच १९८० चा, मूळचा. घरगुती प्रतीचे जतन मुख्यतः हौशी माणसांनी केले. तिचे ४,०९६ बाइट सुरक्षित आहेत आणि जुन्या यंत्राचे हुबेहूब सोंग घेणाऱ्या आज्ञावल्यांच्या साहाय्याने ती कोणत्याही संगणकावर चालते. अटारीचे नाव लावणारे नवे यंत्र २०२३ साली निघाले, तेही जुन्या कार्ट्रिज घेते. परंतु ते बाइट लिहिले गेले होते काचेच्या नळीसाठी. त्या नळीवरील प्रकाश मावळावयास किंचित वेळ लागे, डोळाही मागचे चित्र क्षणभर धरून ठेवी, आणि या दोहोंच्या मधल्या फटीत ती चार भुते एकाच वेळी वावरत. आजच्या सपाट पडद्यावर त्यांचे लुकलुकणे अधिक तीक्ष्ण होते. त्यावर उपाय म्हणून लागोपाठची चित्रे एकमेकांत मिसळण्याची सोय काही आज्ञावल्यांत आहे, पण मग भुते फिकट आणि स्थिर दिसतात, आणि तशी ती कधीच नव्हती. खेळाचे चित्रीकरण करू गेल्यास तर आणखीच चमत्कार होतो. सेकंदाला तीस चित्रे घेणारी नोंद पडद्याच्या दर दोन आवर्तनांपैकी एकच टिपते, आणि भुतांची पाळी चाराची असल्यामुळे तीत दोनच भुते उमटतात. उरलेली दोन खेळाडूला पकडतात, त्याचा जीव घेतात, आणि नोंदीत मात्र कोठेही नसतात.