आवाजाची मधली पट्टी

नागपूरच्या इतवारीतल्या जुन्या घरांत व्हॉल्व्हचे रेडिओ अजून सापडतात. लाकडी पेटी, समोर कापडाची जाळी, आत कागदी कोनाचा एकच आठ इंची स्पीकर. आउटपुटला ईएल ८४ व्हॉल्व्ह असला तर ताकद जेमतेम पाच वॉट. त्यातून मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांमधलं अंतर ९ किलोहर्ट्झ, म्हणून साडेचार-पाच किलोहर्ट्झच्या वरचं फारसं काही पोचतच नाही. आकडे पाहिले तर साधा ब्लूटूथ स्पीकरही याला मागे टाकेल. तरी तिथल्या किराणा ओळीतले माझ्या ओळखीचे एक काका हा रेडिओ कोणत्याही भावात द्यायला तयार नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच, की बातम्या सांगणारा माणूस समोर बसून बोलतो. काका चुकत नाहीत, आणि त्याची कारणं पेटीच्या आतच आहेत.

पेटीची पाठ काढून पाहा. कोन हा जाड कागदच आहे, वजन काही ग्रॅम. मागे चुंबकाच्या फटीत तांब्याच्या तारेची कॉइल. कोन हलका असल्यामुळे थोड्या विजेतही तो चटकन हलतो आणि चटकन थांबतो. असे स्पीकर एका वॉटला, एक मीटरवर, साधारण ९० डेसिबलच्या वर आवाज देतात. म्हणूनच पाच वॉटमध्ये घर भरतं. शिवाय माणसाचा सगळा आवाज एकाच कोनातून येतो. दोन स्पीकरच्या पेटीत आवाज बऱ्याचदा तीन किलोहर्ट्झच्या आसपास दुभंगतो. ‘श’, ‘च’ची धार त्याच भागात असते आणि कानही तिथेच सर्वांत तिखट असतो. हा सांधा कच्चा राहिला की शब्द दोन तोंडांतून आल्यासारखे वाटतात.

आता पाठ, जी हवाबंद नसते. कोन पुढे सरकला की समोर हवा दाबली जाते, मागे विरळ होते. पेटी बंद नसल्यामुळे मागची लाट वळसा घालून पुढे येते. १०० हर्ट्झच्या लाटेची लांबी सुमारे साडेतीन मीटर, पेटी हातभर. मग पुढच्या-मागच्या लाटा एकमेकींना खाऊन टाकतात आणि खर्ज पातळ होतो. हा तोटा खराच आहे. डग्ग्याचा घुमारा या रेडिओत निम्मासुद्धा उरत नाही. पण बंद, स्वस्त पेटीत पुरुषी आवाज जसा रांजणात बोलल्यासारखा गुरगुरतो, तसा इथे होत नाही.

मग तंबोरा पोकळ का वाटत नाही? गायकाचा षड्ज १४० हर्ट्झवर असेल तर खर्जाची तार ७० वर वाजते. रेडिओ ७० देत नाही, पण त्याच तारेचे १४०, २१०, २८० हे वरचे स्वरांश देतो. त्यांच्यातलं सारखं अंतर ओळखून मेंदू ७०चा स्वर स्वतःच उभा करतो.

खर्ज थोडा सुटला तरी चालेल, पण माणसाच्या आवाजाची मधली पट्टी नीट हवी, हाच विचार लंडनच्या बीबीसीतल्या अभियंत्यांनी फार शिस्तीने केला. बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांत मावेल असा छोटा स्पीकर त्यांना हवा होता. त्यातून १९७०च्या दशकात एलएस ३/५ए तयार झाला. सुमारे एक फूट उंच पेटी, पाच इंची कोन, वर छोटा ट्वीटर. खर्ज ७० हर्ट्झच्या आसपास संपतो, २५ वॉटपुढे झेपत नाही, आणि एका वॉटला आवाज ८३ डेसिबलच्या आसपास. म्हणजे हलक्या कागदी कोनाइतका आवाज काढायला त्याला पाच-दहापट वीज लागते. तरी रॉजर्स, स्पेंडर, हार्बेथ अशा कंपन्यांनी तो परवाना घेऊन बनवला आणि जुन्या जोड्या लोक आजही जिवापाड जपतात. बीबीसीत खरा माणूस स्टुडिओत बोलायचा, शेजारच्या खोलीत तोच आवाज स्पीकरवर, आणि दोन्हींची कानाने तुलना व्हायची. स्पीकरची पेटी जाडजूड न करता पातळ प्लायवूडची केली, आतून डांबरी थर देऊन तिचा नाद मारला. रेडिओत सांधाच नाही, इथे तो मेहनतीने जुळवलेला. वाटा वेगळ्या, पण दोघांनीही मधली पट्टी सांभाळली.

माहितीपत्रकात मात्र टोकांचे आकडे छापतात: इतक्या हर्ट्झपासून तितक्यापर्यंत, इतके वॉट. नव्वदच्या दशकात डेकवर ‘पीएमपीओ’चे हजार वॉट लिहिलेले असत. त्या आकड्याचा ऐकण्याशी संबंध नव्हता. मधल्या स्वरांत चढउतार किती, कोन थांबल्यावर पेटी किती वेळ कण्हते, हे तिथे नसतं. आणि माणसाचा आवाज आपण पाळण्यापासून ऐकत आलेलो असतो, त्यातली खोट लगेच कळते. म्हणून स्पीकर घेताना दुकानदाराची धमाकेदार गाणी बाजूला ठेवावीत आणि घरातल्या कुणाचं मोबाइलवर नीट ध्वनिमुद्रित केलेलं बोलणं लावायला सांगावं, असं मी आग्रहाने सांगतो.

काकांच्या घरात दोन गोष्टी केल्या. रेडिओ भिंतीला टेकवलेला होता, त्यामुळे मागची लाट कोंडत होती. वीतभर पुढे ओढला आणि बोलणं मोकळं झालं. कोनाच्या कडेला चीरही होती. तिच्यावर टिश्यू पेपरचा तुकडा आणि पातळ केलेलं फेव्हिकॉल, एवढं पुरलं. असं काही करायचं तर पाठ उघडण्याआधी प्लग काढून बराच वेळ थांबायचं, कारण कंडेन्सरमध्ये दोन-अडीचशे व्होल्ट साठून राहतात. मग बोटांनी कोन अगदी हलका, सरळ आत दाबून सोडायचा. खरखर आली तर कॉइल चुंबकाला घासतेय. तेवढ्यासाठी मात्र जुना कारागीर गाठावा.