सहाध्यायी-साहाय्यित अध्ययन

विद्यापीठीय विद्यार्थ्यांना त्यांच्या अध्ययनकौशल्यांच्या विकासात भागीदार करून घेणारी शिक्षणपद्धती. टिपणे काढणे, वाचलेल्या मजकुराची संगती लावणे, उदाहरणे सोडविणे, आपणास काय उमगले नाही हे ओळखणे इ. कौशल्ये तीत अभिप्रेत असतात.

ही कौशल्ये पूर्वी स्वतंत्रपणे शिकविली जात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९४६ मध्ये मांडलेली सर्वेक्षण, प्रश्न, वाचन, कथन व उजळणी ही पंचपदी प्रसिद्ध आहे. तथापि विषयापासून अलग शिकविलेली तंत्रे प्रत्यक्ष अभ्यासात उतरतातच असे नाही. शिवाय ‘कच्चे’ म्हणून निवडले जाण्यात विद्यार्थ्यास कमीपणा वाटतो. या अडचणींवर उपाय म्हणून डीॲना मार्टिन यांनी मिसूरी विद्यापीठाच्या कॅनझस सिटी येथील शाखेत १९७३ मध्ये ‘पूरक अध्यापन’ हा उपक्रम सुरू केला. त्यात दुर्बल विद्यार्थी न निवडता अवघड विषय निवडतात. ज्या विषयात सु. ३० टक्के वा अधिक विद्यार्थी अपयशी ठरतात किंवा तो अर्ध्यावर सोडतात, तो अवघड मानला जातो. तो विषय उत्तम रीतीने उत्तीर्ण झालेला विद्यार्थी प्रशिक्षण घेऊन व्याख्यानांना पुन्हा उपस्थित राहतो व दर आठवड्यास चर्चासत्रे घेतो. उपस्थिती ऐच्छिक असते. प्रश्नाचे उत्तर तो स्वतः देत नाही. टिपणे व पाठ्यपुस्तक यांच्या आधारे गटाकडूनच ते काढून घेतो.

बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात यूरी ट्राइझमन यांनी १९७० नंतरच्या दशकात कलन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे निरीक्षण केले. कृष्णवर्णीय विद्यार्थी परिश्रमी असूनही बहुधा एकेकटे अभ्यास करीत. चिनी वंशाचे विद्यार्थी मात्र गटात एकमेकांची उत्तरे तपासीत. यावरून त्यांनी सोप्या उजळणीऐवजी कठीण उदाहरणांवर आधारलेले गटवर्ग योजिले. अपयशाचे मूळ बुद्धीत वा परिश्रमात नसून एकाकीपणात असू शकते, हे यामुळे लक्षात आले.

१९९० नंतर ब्रिटन, स्वीडन, ऑस्ट्रेलिया इ. देशांतील विद्यापीठांत ही पद्धती रूढ झाली. तिच्या मर्यादाही आहेत. ऐच्छिक सत्रांना मुळातच उत्सुक विद्यार्थी येण्याचा संभव असल्याने केवळ गुणांच्या तुलनेवरून तिचे यश ठरविता येत नाही. नोकरी करणारे वा दुरून येणारे विद्यार्थी सत्रांना मुकतात. मार्गदर्शक विद्यार्थी उत्तरे सांगू लागल्यास तो दुय्यम अध्यापक बनतो व भागीदारीचे तत्त्वच लोपते.