इमोबिलायझर

इमोबिलायझर ही अधिकृत किल्लीशिवाय मोटारीचे इंजिन चालू होऊ न देणारी इलेक्ट्रॉनिक चोरीप्रतिबंधक यंत्रणा होय. हरवलेल्या किल्लीच्या जागी नुसती पाते कापलेली नवी किल्ली चालत नाही, ती या यंत्रणेमुळे.

कार्यपद्धती

किल्लीच्या मुठीत ट्रान्सपाँडर ही बारीक चिप असते. तिला स्वतःची बॅटरी नसते. इग्निशनच्या कुलपाभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून, बहुधा १२५ किलोहर्ट्झ वारंवारितेवर, तिला ऊर्जा मिळते व ती आपला संकेत पाठवते. तो इंजिन नियंत्रण संगणकातील नोंदीशी जुळला नाही, तर इंजिन चालू होत नाही किंवा क्षणभर चालून बंद पडते. रिमोटची बॅटरी संपली तरी गाडी चालू होते, ती यामुळेच.

इतिहास

१९८६ च्या शेव्हरोले कॉर्व्हेट मोटारीच्या किल्लीत विद्युतरोधक बसवलेला होता. ट्रान्सपाँडर नंतर आला. जर्मनीत १९९८ पासून, तर कॅनडात २००७ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला. अमेरिकेत तशी सक्ती नव्हती. तेथील ह्युंदाई व किया यांच्या इमोबिलायझर नसलेल्या अनेक मोटारी २०२१ नंतर मोठ्या प्रमाणावर चोरीस गेल्या. भारतात मारुती सुझुकीने ही यंत्रणा 'आय-कॅट्स' या नावाने दिली.

किल्ली हरवल्यास

महाराष्ट्रात वाशिमसारख्या (वाहन नोंदणी संकेतांक एमएच-३७) जिल्ह्यात जुनी जीप किंवा ट्रॅक्टर असेल, तर बाजारातील किल्लीवाला काम भागवू शकतो. चिपच्या किल्लीत मात्र पाते कापणे हे निम्मेच काम असते. नव्या चिपची ओळख गाडीच्या संगणकात निदान यंत्राने नोंदवावी लागते व अनेक मॉडेलांत त्यासाठी सुरक्षा संकेतांकही लागतो. एक किल्ली शिल्लक असल्यास काम तुलनेने सोपे होते. सर्वच हरवल्या असतील, तर गाडी जागेवरून हलवणेही कठीण होते. स्टिअरिंगचे कुलूप लागलेले असल्याने ती सहसा वाहून न्यावी लागते. खरेदीच्या वेळी किल्लीसोबत मिळालेला क्रमांकाचा बिल्ला जपून ठेवलेला असल्यास पाते मूळ मापाने कापता येते. अधिकृत विक्रेता नोंदणी प्रमाणपत्र व मालकाचे ओळखपत्र पाहतो.

हरवलेल्या किल्लीची नोंद संगणकातून पुसून घेणे महत्त्वाचे असते, अन्यथा ती सापडलेल्या व्यक्तीस गाडी चालू करता येते. पुसलेल्या किल्लीनेही दरवाजा मात्र उघडतो. त्यासाठी कुलूपच बदलावे लागते.

विमा

वाहनचोरीचा दावा करताना विमा कंपन्या सर्व मूळ किल्ल्या मागतात व एखादी कमी असल्यास निष्काळजीपणाचा प्रश्न उपस्थित होतो. त्यामुळे किल्ली गहाळ होताच पोलीस ठाण्यात नोंद करून तिची प्रत ठेवणे व विमा कंपनीस लेखी कळवणे हिताचे ठरते. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाने प्रमाणित केलेले चोरीप्रतिबंधक उपकरण बसवल्यास मोटार दरपत्रकात हप्त्याच्या स्वनुकसान भागावर २.५ टक्के, कमाल ५०० रुपये, सवलतीची तरतूद होती.

मर्यादा

ही यंत्रणा अभेद्य नाही. 'मेगामॉस क्रिप्टो' या चिपमधील दोष संशोधकांनी शोधला. २०१३ मध्ये ब्रिटिश न्यायालयाने प्रकाशन रोखल्याने तो शोधनिबंध २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. टोचण लावून गाडी ओढून नेणाऱ्यास तर इमोबिलायझर अडवू शकत नाही.